दातात भरायचे साहित्य आणि निर्जंतुकीकरण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात दंतवैद्याच्या दवाखान्यातील हत्यारे वाफेच्या दाबाखाली, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, निर्जंतुक कशी होतात याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बरेचसे प्रश्न हत्यारांविषयी नसून दातात भरल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या साहित्याविषयी आहेत. याचा मला आनंद वाटतो, कारण जी उष्णता पोलादाच्या चिमट्याला काहीच करत नाही ती राळ, रबर आणि सिरॅमिक यांना काय करते, याचा विचार दवाखान्यांतही व्हावा तितका होत नाही.

प्रश्न : माझी दाढ भरताना डॉक्टरांनी आरसा, चिमटा वगैरे सर्व हत्यारे माझ्यासमोर सीलबंद पाकीट फोडून बाहेर काढली. दातात भरायचे पांढरे सिमेंट मात्र आधीपासून वापरात असलेल्या सिरिंजमधून घेतले. तीच सिरिंज इतर रुग्णांसाठीही वापरली गेली असणार. मग सिमेंटही निर्जंतुक करून का घेत नाहीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ज्याला पांढरे सिमेंट म्हणता ते बहुधा कंपोझिट असावे. कंपोझिट म्हणजे दाटसर राळेत कालवलेली काचेची अतिबारीक पूड. ही पूड वजनाने साधारण ७० ते ८० टक्के असते. राळ बहुतेक वेळा बिस-जीएमए या जातीची असते. अमेरिकेतील राफेल बोवेन यांना तिचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले आणि आजची पुष्कळशी पांढरी फिलिंग त्याच वंशातील आहेत. काचेचा कण आणि राळ यांना सिलेन नावाच्या द्रव्याचा अतिशय पातळ थर एकमेकांशी बांधून ठेवतो. याशिवाय निळा प्रकाश पडताच राळ घट्ट करण्याची प्रक्रिया सुरू करणारा कॅम्फरक्विनोन हा घटक आणि राळ वेळेआधी जमू नये म्हणून घातलेले अवरोधक द्रव्य, अशी दोन परस्परविरोधी कामे करणारी द्रव्ये त्यात असतात. पेस्ट सिरिंजमध्ये महिनोन् महिने मऊ राहते आणि दातात काही सेकंदांत दगडासारखी होते, ते या दोघांच्या तोलामुळे.

ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ ते ३० मिनिटे किंवा १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटे वाफ दिली जाते. एवढी उष्णता न जमलेल्या पेस्टला दिली, तर अवरोधक द्रव्य खर्ची पडते, राळ जागोजागी जमू लागते आणि पेस्टचा एकजीवपणा जातो. अशी पेस्ट दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवताना कडेला नीट चिकटत नाही, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि भरलेला भाग लवकर झिजतो किंवा कडेने उघडा पडतो. उत्पादक ही पेस्ट साधारण २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद दवाखान्याच्या कपाटात ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून तिकडचे जाणते दंतवैद्य सिरिंज फ्रीजमध्ये ठेवतात आणि वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ देतात. काही दवाखान्यांत हीच पेस्ट मुद्दाम ५४ ते ६८ अंशांपर्यंत गरम करणारे छोटे यंत्र असते. परंतु ते ती थोडी प्रवाही व्हावी म्हणून, भरण्याच्या अगदी आधी आणि थोड्याच वेळासाठी वापरायचे असते. त्याचा निर्जंतुकीकरणाशी संबंध नाही.

मग आपल्या सुरक्षिततेचे काय? तोंड ही मुळातच जंतुविरहित जागा नाही, त्यामुळे भरण्याचे साहित्य शंभर टक्के निर्जंतुक असण्यापेक्षा एका रुग्णाची लाळ किंवा रक्त दुसऱ्यापर्यंत न पोहोचणे हे इथे महत्त्वाचे आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकू शकतो, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये. लागेल तेवढी पेस्ट काम सुरू होण्यापूर्वी, स्वच्छ हातमोज्यांनी, वेगळ्या पॅडवर काढून घ्यावी, सिरिंजचे झाकण लगेच लावावे, सिरिंजवर प्रत्येक रुग्णागणिक बदलायचे प्लॅस्टिकचे आवरण असावे आणि तोंडात जाऊन आलेले हत्यार पुन्हा सिरिंजच्या तोंडाशी नेऊ नये, ही खरी पद्धत आहे. एका रुग्णापुरती पेस्ट असलेल्या छोट्या कॅप्सूलही मिळतात. त्या महाग पडतात, पण माझ्या मते गर्दीच्या दवाखान्यात त्याच अधिक योग्य आहेत. आपण पुढच्या वेळी डॉक्टरांना हे अवश्य विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हेच कंपोझिट एकदा जमल्यानंतर उष्णतेचा परिणाम जवळजवळ उलटा होतो. प्रकाशाने घट्ट झालेल्या फिलिंगमध्येही राळेतील दुहेरी बंधांपैकी साधारण निम्मे ते सत्तर टक्केच बंध जुळलेले असतात. म्हणून दाढेचा मोठा भाग तोंडाबाहेर साच्यावर तयार करून मग चिकटवायचा असेल, तर तो सुमारे ११० ते १२५ अंशांना काही मिनिटे भाजतात. त्यामुळे उरलेल्यांपैकी आणखी बंध जुळतात, आतील ताण सैल होतो आणि कठीणपणा वाढतो. छोट्या दवाखान्यांत या कामासाठी ऑटोक्लेव्हही वापरतात. मात्र त्याची किंमत मोजावी लागते : चिकटवणाऱ्या सिमेंटला धरायला मोकळे बंध कमी उरतात, म्हणून आतील बाजू सँडब्लास्ट करून, म्हणजे बारीक कणांचा झोत मारून, खडबडीत करावी लागते, आणि वाफ पुन्हा पुन्हा दिली तर पाणी काच व राळ यांच्यामधील सिलेनचा दुवा हळूहळू तोडते. तेव्हा उष्णता चांगली की वाईट, हे साहित्य त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते.

प्रश्न : मी ग्रामीण भागात दवाखाना चालवतो. संसर्ग टाळण्यासाठी वर्षभरापूर्वी लाइट क्युअर यंत्राची (निळ्या प्रकाशाने कंपोझिट घट्ट करणाऱ्या यंत्राची) काचेची नळी प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्ह करू लागलो. अलीकडे खोल फिलिंग वरून कडक पण तळाशी मऊ राहत आहेत, असे दोन-तीन वेळा आढळले. कंपोझिटची बॅच खराब असेल का?
— एक दंतवैद्य, सातारा जिल्हा

उत्तर : बॅचवर संशय घेण्यापूर्वी ती नळी उजेडात धरून तिची दोन्ही टोके भिंगातून पाहावीत. ऑटोक्लेव्हमध्ये विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी जात असेल, तर त्यातील क्षार वाफेबरोबर काचेच्या टोकांवर बसतात आणि पाण्याच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरावा तसा थर तिथे धरतो. तो डोळ्यांना जेमतेम धूसर दिसतो, परंतु प्रत्येक फेरीगणिक वाढतो आणि प्रकाश अडवतो. कॅम्फरक्विनोनला सुमारे ४६८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश पुरेशा मात्रेत मिळाला नाही, तर वरचा थर जमतो, खालचा अर्धवट राहतो. प्रोबने वरून दाबून पाहिले तर फिलिंग कडक लागते, म्हणून ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. पुढे कड काळी पडते, दाढ ठणकू लागते, आणि दोष साहित्याला दिला जातो.

उपाय अवघड नाही. ऑटोक्लेव्हमध्ये केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरावे. थर आधीच बसला असेल, तर नळीची टोके उत्पादकाने सांगितलेल्या पॉलिशिंग साहित्याने साफ करावीत. आठवड्यातून एकदा रेडिओमीटरने प्रकाशाची तीव्रता मोजून वहीत लिहून ठेवावी. यंत्र नवे असतानाचा आकडा पहिल्या पानावर असला, तर घसरण चटकन कळते. कंपोझिट एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड थरात भरू नये, हा नियम तर पाळावाच. अपवाद फक्त जाड थरासाठीच बनवलेल्या प्रकारांचा. काही यंत्रांच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या वाफेत वितळतात किंवा धुरकट होतात. आपली नळी कोणत्या प्रकारची आहे ते माहितीपत्रकात पाहावे. ग्लुटाराल्डिहाइडसारखी द्रावणे नळीवर वारंवार फवारणेही बरे नाही, कारण त्यांचा चिकट अंश टोकावर राहतो.

मी स्वतः पारदर्शक, एकदा वापरून टाकायचे आवरण पसंत करतो. त्यानेही प्रकाश किंचित कमी होतो, पण तो दर वेळी सारखाच कमी होतो आणि आवरण चढवलेल्या अवस्थेतच तीव्रता मोजून वेळ ठरवता येतो. आवरणाचा सांधा किंवा सुरकुती नेमकी टोकावर येऊ देऊ नये, आणि दुधी रंगाचे, रबरी आवरण वापरू नये. आवरण असले तरी प्रत्येक रुग्णानंतर नळी पुसून घेणे आणि आवरण फाटल्यास नळी निर्जंतुक करणे आवश्यकच आहे. आधी भरलेल्या ज्या रुग्णांच्या खोल फिलिंगबद्दल आपल्याला शंका आहे, त्यांना बोलावून एक्स-रे काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : रूट कॅनाल केल्यानंतर आत भरायच्या गुलाबी काड्या हाताळलेल्या डबीतून घेतात. त्या उकळून घेता येत नाहीत का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : येत नाहीत. त्या काड्या गटापर्चाच्या असतात. गटापर्चा हा मलायातील झाडांचा चीक आहे. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे इंग्लंडशी ज्या समुद्राखालील तारेने जोडली गेली, तिच्यावरही याच चिकाचे आवरण होते. काडीत प्रत्यक्ष गटापर्चा साधारण एक पंचमांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः झिंक ऑक्साइड असते. सुमारे ४२ ते ४९ अंशांना गटापर्चाची स्फटिकरचना बदलते आणि ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. उकळत्या पाण्यातून काढलेली काडी मुळाच्या टोकापर्यंत अचूक मापाने बसवणे अशक्य आहे. म्हणून ती ५.२५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात एक मिनिट बुडवतात. त्याने चिवट बीजाणूही मरतात. त्यानंतर ती अल्कोहोल किंवा निर्जंतुक पाण्याने धुणे विसरू नये, कारण वाळलेल्या क्लोराइडचे स्फटिक काडीवर राहिले तर सीलर, म्हणजे काडीभोवतीची फट बुजवणारे द्रव्य, तिला नीट धरत नाही. एका मिनिटाऐवजी काड्या दिवसभर द्रावणात ठेवणे मात्र चुकीचे आहे. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग खराब होतो.

प्रश्न : झिर्कोनियाची कॅप तोंडात बसवून पाहिल्यावर पुन्हा लॅबला पाठवावी लागते. परत आल्यावर ती १३४ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्यास ठिसूळ होते, असे एका सहकाऱ्याने सांगितले. यात तथ्य किती?
— एक दंतवैद्य, कोल्हापूर

उत्तर : सहकाऱ्याच्या म्हणण्यामागे खरा इतिहास आहे, पण निष्कर्ष जरा पुढे गेलेला आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकचे स्फटिक सामान्य तापमानाला ज्या रूपात असायला हवेत त्या रूपात ते कॅपमध्ये नसतात. साधारण ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम धातूचे ऑक्साइड) मिसळून त्यांना टेट्रागोनल रूपात थोपवून धरलेले असते. भेग पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक मोनोक्लिनिक रूपात जातात, त्यांचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि भेग दाबली जाते. या साहित्याचे बळ इथे आहे आणि दुबळेपणाही इथेच आहे, कारण उष्णता आणि पाण्याची वाफ एकत्र आली की हेच रूपांतर भेग नसतानाही पृष्ठभागावरून सुरू होते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि कण सुटू लागतात.

हे प्रथम दातांत नव्हे, खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत लक्षात आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झिर्कोनियाचे गोळे वाफेने पुन्हा निर्जंतुक करू नयेत, अशा सूचना ब्रिटन आणि अमेरिकेत निघाल्या. २००१ मध्ये काही बॅचमधील गोळे रुग्णांच्या शरीरात तुटले आणि ते बाजारातून परत मागवले गेले. मात्र त्यामागे भाजण्याच्या भट्टीतील बदल होता, रुग्णालयातील वाफ नव्हे. या दोन घटनांची सरमिसळ अनेकदा होते आणि आपल्या सहकाऱ्यांच्या ऐकण्यात तीच आलेली असावी.

आता आपल्या कॅपचा हिशेब करू. शल्यचिकित्सेसाठीच्या झिर्कोनियाच्या आयएसओ १३३५६ या मानकात नमुना मुद्दाम १३४ अंशांना, सुमारे दोन बार दाबाच्या वाफेत ५ तास ठेवून त्याचे वय कृत्रिमरीत्या वाढवतात. अशा वाफेतील एक तास म्हणजे शरीराच्या तापमानातील साधारण तीन ते चार वर्षे, असा ढोबळ अंदाज वापरला जातो. त्या हिशेबाने ४ मिनिटांची एक फेरी म्हणजे अडीच-तीन महिन्यांचे वार्धक्य. चांगल्या प्रतीच्या, नीट भाजलेल्या कॅपसाठी एक-दोन फेऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. ५ मोल टक्के यिट्रियाच्या अधिक पारदर्शक प्रकारांत हे रूपांतर जवळजवळ होतच नाही, परंतु त्यांची मूळ ताकदच कमी असते हेही ध्यानात असू द्यावे.

माझा आक्षेप निराळा आहे. दातावर चिकटवायच्या कॅपला ऑटोक्लेव्हची बहुधा गरजच नसते. योग्य रासायनिक द्रावणाने निर्जंतुक करून ती स्वच्छ धुतली की पुरते. खरे नुकसान लाळेने होते आणि वाफेने ते भरून निघत नाही. लाळेतील फॉस्फेट झिर्कोनियाला घट्ट चिकटते आणि सिमेंटमधील फॉस्फेट गट असलेल्या प्रायमरची, म्हणजे सिमेंटला धरायला मदत करणाऱ्या द्रव्याची, जागा अडवते. अल्कोहोलने पुसून ते जात नाही. फॉस्फोरिक ॲसिडने तर आणखी फॉस्फेट चढते. झिर्कोनियासाठीच बनवलेली साफ करणारी पेस्ट किंवा ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने हलके सँडब्लास्टिंग, आणि त्यानंतर लगेच प्रायमर व सिमेंट, हा क्रम पाळावा. लॅबने प्रायमर आधीच लावून पाठवला असेल, तर तोंडात घालून पाहिल्यावर त्याचा उपयोग संपला असे समजावे. इम्प्लांटवरील अबटमेंट, म्हणजे कॅपला आधार देणारा खुंट, हिरडीखाली जाते, त्याची गोष्ट वेगळी : टायटॅनियमचे असेल तर वाफेने निर्जंतुक करावेच, टायटॅनियमच्या बैठकीवर झिर्कोनिया राळेच्या सिमेंटने चिकटवलेला असेल, तर उत्पादकाने दिलेलीच पद्धत वापरावी, कारण तिथे प्रश्न झिर्कोनियाचा नसून मधल्या चिकट थराचा असतो.

प्रश्न : सासूबाईंची कवळी जंतू मरावेत म्हणून मी उकळत्या पाण्यात घातली. आता ती बसत नाही. पुन्हा गरम करून आकार परत येईल का?
— एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : नाही, आणि पुन्हा गरम करू नये, आपला हेतू चांगलाच होता. कवळी ॲक्रिलिकची असते. घडवताना तिच्यात राहिलेले ताण उकळत्या पाण्याच्या तापमानाला सुटतात आणि ती कणभर मुडपते. टाळूला धरून राहण्यासाठी तो कणभर फरकही पुष्कळ असतो. सासूबाईंना दंतवैद्याकडे नेऊन कवळी आतून रिलाइन करता, म्हणजे आतल्या बाजूला नवा थर देऊन बसवता, येते का ते पाहावे, नाहीतर नवी करावी लागेल. तोपर्यंत ती जबरदस्तीने घालायला लावू नये, हिरडीला जखम होते. यापुढे मऊ ब्रश, साधा साबण आणि साधे पाणी पुरेसे आहे. रात्री कवळी पाण्यात ठेवावी, कारण वाळली तरीही तिचा आकार बदलतो. धातूचा सांगाडा नसलेली कवळी ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटे ठेवून, नंतर खळखळून धुऊन वापरता येते. धातू असेल तर क्लोरीनने तो गंजतो.

प्रश्न : मी बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सरावासाठी काढलेले दात जमवून आणायला सांगितले आहे. वसतिगृहातील मुले ते प्रेशर कुकरमध्ये उकळतात. हे चालेल का? आणि त्याने दात कापताना वेगळे लागतात का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आपण विचारलेत हे फार बरे झाले. घरगुती कुकरमध्ये जवळजवळ ऑटोक्लेव्हइतकाच दाब आणि तापमान असते, म्हणून मुलांना ही युक्ती सुचते. परंतु ज्या भांड्यात पुढे वरण-भात शिजणार त्यात मानवी दात घालणे कोणत्याही स्थितीत योग्य नाही. महाविद्यालयाच्या ऑटोक्लेव्हमध्येच ते व्हावेत आणि हत्यारांपेक्षा जास्त वेळ, ४० मिनिटे, ठेवावेत, कारण मुळाच्या आतल्या नळीपर्यंत वाफ पोहोचायला वेळ लागतो. त्याआधी चिकटलेले मांस आणि हाड खरवडून, घासून काढावे आणि दात सतत ओले ठेवावेत. दात वाळले की इनॅमलला बारीक भेगा पडतात आणि बर (दात कोरायचे फिरते हत्यार) लावताच त्याचे टवके उडतात. कोरड्या उष्णतेत, म्हणजे हॉट एअर ओव्हनमध्ये, तर हे फारच होते.

कापताना पडणारा फरक सरावापुरता सहन करण्याजोगा आहे. डेंटिनमधील, म्हणजे इनॅमलखालच्या थरातील, कोलॅजेन हे प्रथिन वाफेने बदलते, त्यामुळे त्याच दातांवर बाँडिंगची (राळ दाताला चिकटून राहण्याची) ताकद मोजली तर आकडा जिवंत दाताशी जुळेलच असे नाही. पुढे कधी संशोधनासाठी दात जमवाल तेव्हा ते ०.५ टक्के क्लोरामिन-टी च्या द्रावणात फार तर एक आठवडा आणि नंतर ४ अंशांना पाण्यात ठेवण्याची पद्धत आहे, ती वापरावी. गॅमा किरणांची सोय असलेल्या संस्थांत तो मार्ग अधिक चांगला, कारण त्यात दात तापत नाही. दात हायपोक्लोराइटमध्ये फार दिवस ठेवले तर कोलॅजेन विरघळते आणि मागे राहिलेला ऑक्सिजन राळेला जमू देत नाही, म्हणून असे दात बाँडिंगच्या चाचणीला घेऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चांदी भरलेल्या दातांची आहे. लोक जिला चांदी म्हणतात त्या अमाल्गममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. तोंडात तो इतर धातूंशी बांधलेला राहतो, परंतु कुकर किंवा ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत त्याची वाफ सुटते. तिला रंग नसतो, वास नसतो, आणि झाकण उघडणाऱ्याच्या श्वासात ती थेट जाते. असे दात कधीही, कोणत्याही पद्धतीने तापवू नयेत. ते १० टक्के फॉर्मालिनमध्ये दोन आठवडे ठेवून निर्जंतुक करतात, तेही महाविद्यालयातील हवेशीर जागेत, हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, कारण फॉर्मालिनच्या वाफाही घातक असतात. जमवलेल्या दातांची बरणी प्रथम पांढऱ्या ताटात ओतून करडी-काळी चमक असलेला प्रत्येक दात चिमट्याने बाजूला काढावा. दातांच्या मधल्या बाजूला लपलेली भरण सहज नजरेतून सुटते, म्हणून प्रत्येक दात फिरवून पाहावा. आपल्या वसतिगृहातील मुलांनी असे दात कुकरमध्ये आधीच उकळले असतील, तर तो कुकर स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नये आणि ही गोष्ट आजच विभागप्रमुखांच्या कानावर घालावी.